बुडापर्यंत गेलेला रंग

"दिवा घालव," वेंडेल म्हणाला.

"सकाळी साडेसातला नवराबायको गॅरेजात दिवा घालवून बसलेत. शेजारची माणसं काय म्हणतील?"

"म्हणतील, हॉगेनांचं म्हातारपण बरं चाललंय. घालव गं."

मी दिवा घालवला. खिडकीवर जुनी घोंगडी आधीच ठोकली होती. म्हणजे ठोकली मी, आणि वेंडेलने मागे उभं राहून खिळा कुठे मारायचा ते सांगितलं. हल्ली आमच्या घरी सगळं असंच चालतं. हात माझे आणि तोंड त्याचं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या हाताला कंप सुटला, मग डाव्या हाताला. डॉक्टरांनी त्या दुखण्याचं लांबलचक नाव सांगितलं आणि जाताजाता म्हणाले की पुढेमागे विसरायलाही होईल. ते शेवटचं वाक्य आम्ही दोघांनी घरी आल्यावर एकदाही उच्चारलं नाही.

ऑक्टोबरातला तो शनिवार म्हणजे एल्क हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. आमच्या मोंटानात या दिवशी चर्चमधल्या लग्नालासुद्धा कुणी येत नाही. चव्वेचाळीस वर्षांत वेंडेल पहिल्यांदाच डोंगरावर गेला नव्हता. आमची लेक डॅग्नी आदल्या दिवशी घोडे घेऊन वर गेली होती. हा मात्र पहाटे चारला उठला, कॉफी केली, निम्मी सांडली आणि शिकारीची नारिंगी टोपी डोक्यावर घालून स्वयंपाकघरात बसून राहिला. मला ते बघवेना. म्हणून सात वाजता तो जेव्हा म्हणाला, "चल, तुला पुंगळ्या मऊ करायला शिकवतो," तेव्हा भांडी तशीच टाकून मी उठले.

आमच्याकडे झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी कुणी फेकत नाही. उचलायची, पुन्हा भरायची. वेंडेलच्या बापाने भरली, वेंडेलने भरली. त्याची काडतुसं लांबवरची माणसंसुद्धा डोळे मिटून घ्यायची. मी मात्र त्या बाकड्याच्या वाटेला कधी गेले नव्हते. मी अठ्ठावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होते. मला दोनशे पोरांचं राजम्याचं कालवण विचारा आणि त्याच्यासोबतचे दालचिनीचे रोल विचारा.

"ऐक," वेंडेल अंधारात म्हणाला. "पाचसहा वेळा बार झाला की पितळ कडक होतं. कडक झालं की मानेशी चिरतं. म्हणून मान तापवून मऊ करायची. मान आणि खांदा, बस. बूड तापवायचं नाही. बूड कडकच राहायला पाहिजे."

"म्हणजे पॅनकेक एकाच कडेने भाजायचा."

"तू भाजतेस तसाच."

मी ड्रिलच्या तोंडाला बसवलेल्या वाटीत पुंगळी उभी केली, ड्रिल हळूहळू फिरवलं आणि पुंगळीची मान बर्नरच्या निळ्या जाळात धरली. वेंडेल मोजू लागला. "एक हजार एक. एक हजार दोन." आमच्याकडे सेकंद असेच मोजतात. मला नवल वाटलं ते त्याच्या आवाजाचं. हात एवढा थरथरतो, पण मोजताना आवाज जराही हलत नव्हता. सहाला मानेवर अंधुक, जेमतेम दिसेल असा तांबडा रंग आला. "सोड," तो म्हणाला, आणि मी पुंगळी पाण्याच्या पातेल्यात टाकली. चुर्र झालं. दुसरीही बरी झाली. दिवा लावून त्याने दोन्ही पाहिल्या. मानेपासून खांद्याच्या जरा खालपर्यंत निळसर तपकिरी कडं उमटलं होतं आणि खालचं अंग होतं तसं पिवळं.

"स्वयंपाकीणबाई पास," वेंडेल म्हणाला.

तिसरीला माझी चूक झाली. हाताला घाम आला होता, ड्रिल निसटलं, सावरताना पुंगळी आडवी होऊन सगळीच्या सगळी जाळात गेली. तो "सोड, सोड" म्हणेपर्यंत मी ती धरूनच राहिले. दिवा लावून बघितलं तर निळा-काळा रंग थेट बुडापर्यंत गेलेला.

"मेली ही," वेंडेल म्हणाला.

"एवढं काय? जराशी काळी झालीय. घासली की लख्ख होईल."

"तेच तर वाईट." त्याने पुंगळी माझ्या तळहातावर ठेवली. "घासली की लख्ख होते. मग देवालासुद्धा कळायचं नाही की हिचं बूड मऊ झालंय. भरली, बंदुकीत घातली, चाप ओढला की बूड फाटणार. सगळा जाळ मागे, झाडणाऱ्याच्या तोंडावर. आपल्या गावातल्या हार्लन बुडीचा डोळा असाच गेला. म्हणून बापाने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, वाईट पुंगळी हातातून खाली ठेवायची नाही. आधी चेपायची, मग ठेवायची. घे पक्कड."

मी पक्कड घेऊन पुंगळी बुडाजवळ दाबली. पितळ असूनही ती चटकन चपटी झाली. मी तिच्याकडे बघत राहिले. तो काळा-निळा रंग मी पाहिला होता. याच बाकड्याखाली, कॉफीच्या डब्यात.

झालं होतं असं. सप्टेंबरात, वेंडेल डॉक्टरांकडे तपासायला गेला होता तेव्हा, मी गॅरेज झाडायला घेतलं. बाकड्याखाली लाल झाकणाचा कॉफीचा डबा सापडला. त्यात डझनभर मळक्या, काळपट पुंगळ्या. बाकीच्या वर फळीवरच्या ट्रेमध्ये, घासूनपुसून लख्ख उभ्या. मला वाटलं, बिचाऱ्याचा हात चालेनासा झाला म्हणून एवढ्या घासायच्या राहिल्या आणि लाजेने त्याने त्या खाली लपवल्या. माझा जीव कळवळला. अक्रोडाच्या टरफलांचा भुगा घातलेलं ते फिरतं भांडं असतं, त्यात मी त्या टाकल्या, तीन तास फिरवल्या, सोन्यासारख्या करून वरच्या ट्रेमध्ये इतरांच्या रांगेत लावून ठेवल्या. आणि त्याला बोलले नाही. मुद्दामच बोलले नाही. म्हटलं, त्याला वाटू दे त्यानेच केल्या. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

"वेंडेल," मी म्हणाले, "उन्हाळ्यात तू ज्या मऊ केल्यास, त्यांत अशा बिघडलेल्या निघाल्या होत्या का?"

"निघाल्या थोड्या. हात नीट नव्हता त्या दिवशी."

"मग चेपल्यास?"

"पक्कड धरवत नव्हती. खाली डब्यात ठेवल्यात. चेपीन एक दिवस. का?"

मी खाली वाकून डबा काढला, झाकण उघडलं आणि त्याच्यापुढे धरला. रिकामा डबा. मग मी सगळं सांगितलं. मधे थांबले असते तर पुढचं तोंडातून आलं नसतं.

मला वाटलं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो स्टुलावर बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"एकतीस होत्या ट्रेमध्ये," तो म्हणाला. "मी मोजून ठेवल्या होत्या. डॅग्नीची वीस भरायला बसलो तेव्हा त्रेचाळीस निघाल्या."

"मग विचारलं का नाहीस मला?"

"मला वाटलं, सुरू झालं. डॉक्टर म्हणाले होते ते." त्याने कपाळावर बोट टेकवलं. "विचारलं असतं आणि तू म्हणाली असतीस की नाही बाबा, पहिल्यापासून त्रेचाळीसच होत्या, तर?"

मी त्याच्यासाठी गप्प राहिले आणि तो स्वतःच्या भीतीने गप्प राहिला. आता त्या त्रेचाळिसांतल्या वीस भरलेल्या पुंगळ्या आमच्या पोरीच्या खिशात होत्या. त्यांत वाईट किती, कुणाला ठाऊक. बाराही असतील, एकही नसेल. शिकार उजाडल्यापासून सुरू झाली होती. घड्याळात आठ वाजून पाच मिनिटं झाली होती.

मी डॅग्नीला फोन लावला. चार वेळा लावला. वर डोंगरात फोन लागत नाही हे मला चांगलं ठाऊक होतं, तरी लावला.

"ठेव तो," वेंडेल म्हणाला. "गाडी काढ."

चाळीस मैलांचा रस्ता, त्यातला शेवटचा निम्मा कच्चा. रात्री बर्फ पडून गेलं होतं. या रस्त्यावरचं बर्फ तीस वर्षं वेंडेलने ढकललं होतं, कौंटीचा पिवळा ग्रेडर घेऊन, पहाटे तीनला उठून. त्याच्यामुळे शाळेची बस वेळेवर यायची आणि माझं कालवण गरम असताना पोरांच्या ताटात पडायचं. आता तो माझ्या शेजारी बसला होता, टोपी डोळ्यांवर ओढून, आणि रस्ता न बघताच वळणं सांगत होता.

"पुढे उतार आहे, सावलीतला. तिथे ब्रेकला पाय लावू नकोस."

"मग काय गाणं म्हणू?"

"पाय उचल नुसता. गाडी आपोआप घेते."

मी पाय उचलला. गाडीने वळण घेतलं. डोळ्यांपुढे एकच चित्र येत होतं: डॅग्नी गाल बंदुकीला टेकवून एक डोळा मिटतेय. तिला लहानपणी तसं बसायला शिकवताना वेंडेल म्हणायचा, गाल घट्ट लाव, बंदुकीशी मैत्री कर. आता तोच घट्ट लावलेला गाल मला दिसत होता.

"वेंडेल, ती पहिल्याच दिवशी थोडीच बार काढेल? ती तर निवडनिवड करते. चांगला नर दिसल्याशिवाय..."

"मादीचा परवाना आहे तिच्याकडे. पहिली दिसेल ती टिपेल."

"खोटं बोलता येत नाही का रे तुला थोडं?"

"पुढे पूल आहे. पुलावर बर्फ आधी गोठतं."

पुलानंतर तो बोलायचा थांबला. त्याचे ओठ हलत होते. मला वाटलं, मैल मोजतोय. त्याला सवयच आहे. खांब मोज, वळणं मोज. मीही मोजत होते. मी मिनिटं मोजत होते. एका वळणावर चाक घसरलं आणि गाडीची शेपटी दरीकडे गेली. मी किंचाळले. वेंडेलने एका थरथरत्या हाताने स्टिअरिंगला खालून नुसतं बोट लावलं, म्हणाला, "घसरते तिकडेच वळव, घाबरू नकोस," आणि गाडी सरळ झाली.

पावणेदहाला तळावर पोचलो. डॅग्नीचा घोड्यांचा ट्रेलर, तंबू, धूर. तंबूच्या दाराशी होर्टन बसला होता. तो डॅग्नीसोबत दरवर्षी जातो, गुडघे गेल्यापासून फक्त स्वयंपाक करायला. आम्हाला बघून त्याने झारा वर केला.

"अरे वा! वेंडेल, राहवलं नाही ना? बस, अंडी टाकतो. नेल्डा, तू मात्र माझ्या हातचं खाऊन नावं ठेवायची नाहीत."

"डॅग्नी कुठेय?"

"ती? पहाटे चारलाच वर गेली. त्या वणव्यात जळलेल्या डोंगरधारेवर. का गं, घरी कुणी..."

तेवढ्यात बार झाला.

एकच. धारेवरून खाली आला, समोरच्या कड्यावर आपटला, परत आला. होर्टन हसला. "घ्या! पोरीने आणलीच." मी त्याच्या हातातल्या झाऱ्याकडे बघत होते. त्यावरून तेल ठिबकत होतं.

"बूड फाटलं तर आवाज वेगळा येतो का?" मी वेंडेलला विचारलं.

"इथून कळणार नाही."

आमच्याकडे अडचणीत सापडलेला माणूस तीन बार काढतो. एकामागून एक, सावकाश. पहिल्यानंतर आम्ही दुसऱ्याची वाट बघत उभे होतो. येऊ नये म्हणून बघत होतो. मग माझ्या लक्षात आलं, तोंडच भाजलं असेल, डोळेच गेले असतील, तर दुसरा बार काढणार कोण? आणि तेव्हापासून मला ती शांतता सोसवेना. मी वर जायला निघाले. वेंडेलने दंड धरला. म्हणाला, "अडीच तासांची चढण आहे. बूटसुद्धा घालून आली नाहीस." मी खाली बघितलं. पायात घरातल्या चपला होत्या. त्या बर्फात बुडल्या होत्या आणि मला थंडी वाजल्याचं कळलंसुद्धा नव्हतं.

होर्टनने कॉफी दिली. वेंडेलने त्याला सगळं सांगितलं, सरळ, एकही शब्द न गाळता. "माझ्या पुंगळ्या वाईट निघाल्या," म्हणाला. माझं नाव त्याने घेतलं नाही. मी मधे बोलायला गेले तर म्हणाला, "चेपायच्या मीच ठेवल्या होत्या. बापाने पहिल्या दिवशी सांगितलं होतं." होर्टनचा चेहरा उतरला. त्याने चूल विझवली, लांब चरायला गेलेला घोडा लंगडत धरून आणला आणि त्याच्यावर खोगीर चढवायला घेतलं. गुडघे गेलेला माणूस, पण घेतलं.

त्याने पट्टा आवळला तेव्हा बारा वाजत आले होते, आणि तेवढ्यात वरच्या झाडीतून नारिंगी काहीतरी हललं. डॅग्नी. पुढे घोडा, मागे ती चालत. जवळ आली तसं दिसलं, दोन्ही हात कोपरापर्यंत रक्ताने माखलेले, हनुवटीला रक्त.

मी धावले. चपला बर्फात राहिल्या. तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून मी डोळे बघितले. एक, मग दुसरा. मग पुन्हा पहिला.

"आई! अगं आई, काय करतेस? एल्कचं रक्त आहे हे. सोलत होते. आणि तुझ्या पायात काय आहे? मोजे?"

मला हसायला यायला लागलं आणि थांबेना. तिने मला ट्रेलरच्या पाठीमागे नेलं, उलट्या बादलीवर बसवलं. मी तिला सांगितलं. डबा, घासणं, त्रेचाळीस, सगळं. ऐकताऐकता ती इकडेतिकडे बघायला लागली. लहानपणी फुलदाणी फोडली की बघायची तशी.

"आई, मी बाबांची काडतुसं वापरलीच नाहीत."

"म्हणजे?"

"दुकानातली आणली. बाबांचं खोकं गाडीच्या खणात आहे. चिकटपट्टीसुद्धा काढली नाहीय." ती हळू बोलत होती. "गेल्या वर्षीपण नव्हती वापरली. गेल्या वर्षी खोकं देताना त्यांच्या हातून ते दोनदा पडलं, आठवतं? मला दोन पोरं आहेत आई. आणि बाबांना नको म्हणायचं म्हणजे... तूच सांग, कशी म्हणू?"

मी तिच्या रक्ताळलेल्या हाताचा मुका घेतला. इतका आनंद मला उभ्या जन्मात झाला नव्हता, आणि त्या आनंदाच्या तळाशी काहीतरी खुपत होतं.

"त्यांना सांगू नकोस हं," ती म्हणाली.

वेंडेल चुलीपाशीच उभा होता. जागचा हलला नव्हता. डॅग्नी त्याच्यासमोर जाऊन म्हणाली, "बाबा, नशीब बघा. तुमची दोन वर्षांमागची थोडी उरली होती, म्हटलं आधी ती संपवू. यंदाची हातच लावली नाहीत. एका बारात पडली एल्क. एकशे ऐंशी पावलांवरून."

"दोन वर्षांमागची," वेंडेल म्हणाला. "चांगली होती ती."

"चांगलीच होती."

मग तिने सवयीने खिशात हात घातला. आमच्या घरची रीत आहे. ज्या बारात जनावर पडलं, ती पुंगळी भरणाऱ्याच्या हातात द्यायची. चौदा वर्षांची असल्यापासून ती देत आलीय. पुंगळी बाहेर काढल्यावर ती क्षणभर थबकली, पण तोवर वेंडेलने तळहात पुढे केला होता. तिने ती त्यावर ठेवली. त्याने न बघता मूठ मिटली आणि पुंगळी शर्टाच्या खिशात टाकली. बटण त्याला लावता येईना. डॅग्नीने लावून दिलं.

परत येताना वीस काडतुसांचं ते खोकं आम्हा दोघांच्या मधे सीटवर होतं. वर त्याच्या हातचं वाकडंतिकडं 'डॅग्नी' लिहिलेलं. त्याने पुलापासून वळणं सांगायला सुरुवात केली आणि घर येईपर्यंत दुसरं काही बोलला नाही. मला वाटलं दमलाय.

घरी पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. मी सूप गरम करत ठेवलं. वेंडेलने बटण सोडवायची धडपड केली, मी सोडवून दिलं, आणि त्याने ती पुंगळी स्वयंपाकघराच्या खिडकीत नेऊन ठेवली. तिथे रांग आहे. डॅग्नीच्या चौदाव्या वर्षापासूनची प्रत्येक पुंगळी. दर शनिवारी मी त्यांच्यावरची धूळ पुसते. आज पुसायची राहिली होती म्हणून फडकं घेऊन गेले.

सगळ्या पिवळ्या, एका रंगाच्या. वेंडेल मऊ केल्यावर घासल्याशिवाय कधी भरत नाही. शेवटच्या दोन मात्र तशा नव्हत्या. आजची आणि गेल्या वर्षीची. दोघींच्याही मानेला खांद्याच्या जरा खालपर्यंत निळसर तपकिरी कडं होतं. गेल्या वर्षीचं कडं वर्षभर मी काजळी समजत होते. दोनदा ओल्या फडक्याने घासूनही पाहिलं होतं. आज सकाळी मी त्या कड्याचा अर्थ शिकले होते.

फडकं हातात तसंच राहिलं. मी मागे वळले. वेंडेल टेबलाशी बसून माझ्याकडे बघत होता.

"दोन्ही कारखान्याच्या आहेत," तो म्हणाला. "ते लोक रंग घासत नाहीत. तसाच ठेवतात."

"तुला केव्हापासून ठाऊक आहे?"

"गेल्या वर्षीची तिने हातात ठेवली तेव्हापासून. मला कळायला डोळे लागतात, हात कशाला लागतात?"

"आणि तरी तू यंदा वीस भरून दिलीस? दोन आठवडे गॅरेजात बसून? औषधाची गोळी घेतली की दोन तास हात ऐकतो म्हणून पहाटेची गोळी घेऊन घेऊन..."

"मागितली तिने." त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली. केस चपटे झाले होते. "मला वाटलं, या वेळी वापरेल कदाचित."

सूप उतू जायला लागलं. मी गॅस बारीक केला, कारण काहीतरी करायला हवं होतं.

"मग आज गाडीत काय मोजत होतास तू एवढं?"

"मोजत नव्हतो."

"ओठ हलत होते तुझे."

"देवाला सांगत होतो." तो खिडकीकडे बघत म्हणाला. "म्हटलं, पोरीने माझ्यावर विश्वास टाकलेला नसू दे. तेवढंच. चाळीस मैल तेवढंच म्हणत होतो."

मी रडले. मी काही उगीच रडणारी बाई नाही, आईच्या दफनालासुद्धा मी भांडी घासत होते. पण तेव्हा मी ओट्याला धरून रडले. त्याने मला रडू दिलं. मग म्हणाला, "डॅग्नीला सांगू नकोस. तिला वाटू दे मला कळलं नाही. एवढं खोटं बोलली बिचारी, वाया नको जायला."

"आणि ती वीस?"

"उद्या सकाळी उकलू, गोळी आणि दारू बाहेर काढू. तू धर, मी सांगतो. पुंगळ्या सगळ्या चेपायच्या, ट्रेमधल्या तेवीसपण. तुझ्याच हाताने." तो टेबलाला टेकून उठला. "आणि सकाळी घेतलेल्या त्या जुन्या पुंगळ्या राहिल्यात अजून. घोंगडी काढली नाहीस ना?"

"आता? अरे, जेवून तर घे. आणि कुणासाठी करायच्या त्या? कोण झाडणार आहे?"

"ते नंतर बघू. तिसरी चुकली होती तुझी. चुकलेल्यावर काम सोडायचं नसतं."

सूप झाकून ठेवलं आणि आम्ही गॅरेजात गेलो. दिवा घालवायला त्याने सांगायच्या आधीच मी घालवला. बर्नर पेटवला, पुंगळी वाटीत उभी केली. अंधारात त्याचं स्टूल कुरकुरलं आणि त्याने दोन्ही हात मांड्यांखाली घेतल्याचं मला कपड्यांच्या आवाजावरून कळलं.

"एक हजार एक," वेंडेल म्हणाला. "एक हजार दोन."

आवाज सकाळसारखाच होता, जराही न हलणारा. मी जाळाकडे बघत नव्हते. मी नुसती ऐकत होते.

"एक हजार सहा. सोड."

मी सोडली.